तीन आगलावे बाँब: दोन ओळखलेत असं वाटतंय, तिसऱ्यावर अडलोय

गंजका_खजिना · शनिवार, सकाळी १०:४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय. लेस्टरला येऊन मला अकरा वर्षं झाली. हा नाद लागला तो एका पितळी पंपापायी. युद्धात घराघरांत आग विझवायला वापरायचे तो, बादलीत ठेवून पायाने दाबून धरायचा पंप. पाच पौंडांत मिळाला. मग वॉर्डनचं हेल्मेट आलं, गॅस मास्कचं खोकं आलं, गॅस हल्ल्याचा इशारा द्यायचा लाकडी खुळखुळा आला. घरात याला एकच शब्द आहे, भंगार.

गेल्या रविवारी बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून घरचं जुनं सामान विकतात तो बाजार) एक आजोबा वडिलांचं गॅरेज रिकामं करत होते. फळांच्या लाकडी खोक्यात तीन वस्तू होत्या. चाळीस पौंड म्हणाले, तेवढे दिले. "सगळे मेलेले आहेत," असंही म्हणाले.

१. पत्र्याची शेपटी. तीन पाती, हिरव्या रंगाचे डाग अजून दिसतात. दुसऱ्या टोकाला वितळलेल्या धातूचा पांढुरका गोळा.
२. लोखंडाचा ठोकळा, मुठीत जेमतेम मावेल असा. सहा बाजू. बराच जड.
३. हा खरा प्रश्न. साधारण ३५ सें.मी. लांब, ५ सें.मी. जाड नळकांडं, शेपटीसकट. अंग राखाडी, त्यावर चुन्यासारखी पांढरी बुरशी. शेपटी हिरवी, तीन पाती. मला वाटलं जर्मन १ किलोवाला, बी १ ई. पण त्याच्या फोटोंत नाक आणि अंग एकाच धातूचं दिसतं. माझ्याकडच्याचं नाक वेगळं आहे, काळपट, पोलादी. अंगावर ठसा आहे: बी, मग १, मग एक ओरखडा, मग बहुतेक ३, मग ई. त्यापुढे झेडसारखं काहीतरी. वर्षाचा शेवटचा आकडा गेलाय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो प्रतिसादात टाकतो.

चहाटळ · १०:५२

प्रकाश टाकायला या धाग्यावर जरा जपूनच. (हलके घ्या.)

निवृत्त_दारूगोळा · ११:२०

गंजकाराव, फोटो पाहिले. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, पण आमचं काम बनवायचं होतं, ओळखायचं नव्हे. ओळखायचा छंद निवृत्तीनंतरचा. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

पहिली वस्तू बी १ ईचीच शेपटी. या बाँबचं वैशिष्ट्य असं की त्याचं अंगच जळण आहे. एलेक्ट्रॉन म्हणून मॅग्नेशियमचा मिश्रधातू असतो, आत थर्माइट, म्हणजे प्रचंड तापत जळणारी भुकटी, जेमतेम २०० ग्रॅम. थर्माइट मिनिटभरात संपतं, पण तेवढ्यात अंग पेटवून जातं, आणि ते पुढे दहाएक मिनिटं जळत राहतं. मागे उरते पत्र्याची शेपटी आणि राखेचा गोळा. लंडन, कॉव्हेंट्री, तुमचं लेस्टर, सगळीकडची पोरं सकाळी उठून अशा शेपट्या गोळा करायची. म्हणून बाजारात शेपट्या ढिगाने आणि अख्खा बाँब क्वचित. शेपटी मिळाली म्हणजे त्या बाँबने आपलं काम केलं.

तिसऱ्याबद्दल घाईने बोलत नाही. दोन गोष्टी सांगा. तो ओरखडा खरंच ओरखडा आहे का? आणि वजन किती?

तोवर त्याला घासू नका. कानस, वायर ब्रश, व्हिनेगर, काही नको. बाजारात त्या धातूची परीक्षा म्हणून व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे बघतात, तो चावटपणा करू नये.

एल्बेकाठी · ११:४५

दुसऱ्या वस्तूवर मी बोलतो, कारण ती "माझ्या" बाजूची आहे. तो ब्रिटिश ४ पौंडी बाँबचा पुढचा भाग. हा बाँब सहा बाजूंचा, सुमारे ५४ सें.मी. लांब, वजन १.८ किलो. अंग मॅग्नेशियमचं, नाक लोखंडाचं, मागे पत्र्याची पोकळ शेपटी. सहा बाजू कशाला? मधाच्या पोळ्यासारखे एकाला एक चिकटून बसतात, पेटीत जागा वाया जात नाही. शिवाय बाजूला एक छोटी कळ असते, ती शेजारच्या बाँबच्या अंगाने दाबलेली राहते. पेटीतून सुटून एकमेकांपासून वेगळे झाले की कळ बाहेर उडते आणि बाँब जिवंत होतो. शेजारी आहे तोवर शांत. जुन्या चाळीसारखं.

जर्मनीवर असे सुमारे ८ कोटी टाकले गेले. हॅम्बुर्गच्या आसपास बागेत फावडं मारलं की ही लोखंडी नाकं निघतात. तुमच्याकडे लेस्टरला कशी पोचली हा प्रश्न आहे. बहुधा कुणा सैनिकाने आठवण म्हणून आणली, नाहीतर सरावाच्या मैदानातली.

टोकियोरिटर्न · १२:०५

एल्बेकाठींना एक पुरवणी. सहा बाजू दिसल्या की लगेच ब्रिटिश म्हणू नये. अमेरिकनांनी याच ४ पौंडीची नक्कल केली, एम ५०. आणि एम ६९ पण सहा बाजूंचाच, पण तो मॅग्नेशियमचा नाही. तो पोलादी पाइप आहे, सुमारे ७ सें.मी. जाड, ६ पौंड वजनाचा, आत कापडी मोज्यात भरलेलं नापाम, म्हणजे जेलीसारखं घट्ट केलेलं पेट्रोल. शेपटी पत्र्याची नाहीच, तिच्याजागी मीटरभर लांब सुती पट्ट्या. पडताना त्या पतंगाच्या शेपटीसारख्या फडफडतात आणि बाँबचा वेग कमी करतात. छपरात घुसून पडला की काही सेकंदांनी आतला जळता गोळा बाहेर फेकला जातो. असे ३८ एका जुडीत.

१० मार्च १९४५च्या पहाटे टोकियोवर २७९ बी-२९ विमानं आली, त्यांच्या मुख्य मालातला हा. एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली. कोतो भागात या हवाई हल्ल्यांचं एक छोटं संग्रहालय आहे, तिथे रिकामी षट्कोनी नळकांडी ठेवली आहेत. मी तिथे दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शाळेतली मुलं आली होती, आणि एक आजीबाई त्यांना ती कापडी पट्टी हाताने उडवून दाखवत होत्या. तेव्हापासून "एम ६९ आहे, किती द्याल" असं कुणी विचारलं की मला उत्तर सुचत नाही.

तिसरी_घंटा · १२:२०

मला मूळ प्रश्नच कळत नाही. ज्या वस्तूने माणसं जिवंत जाळली ती दिवाणखान्याच्या कपाटात कशाला? तलवार समजू शकते, नाणं समजू शकते. हे काय?

केंटची_वैदेही · १२:३५

तिसरी_घंटा, प्रश्न रास्त आहे, पण इथे राहून बघा. हे आपणहून शोधायला जावं लागत नाही, ते जमिनीतून वर येतं. आमच्या शेजाऱ्यांनी शेड पाडून पाया खणला तर खाली लाकडी पेटी, तीत काचेच्या बाटल्या. सोड्याच्या असतात तशा, वर बिल्ल्यासारखं झाकण. शेजारी म्हणाले, जुनं जिंजर बिअर दिसतंय, उघडू या का! नशीब की त्यांच्या मुलाने एक बाटली उन्हात धरून बघितली आणि आत रबराची पट्टी दिसली.

तो क्रमांक ७६चा हातबाँब होता. १९४०मध्ये जर्मन उतरतील या भीतीने होमगार्डसाठी बनवलेला, साठ लाखांच्या वर. आत पांढरा फॉस्फरस आणि पेट्रोलसारखं द्रव, फुटला की हवेनेच पेटतो, काडी लागत नाही. लाल झाकण असेल तर हाताने फेकायचा, हिरवं असेल तर नळीतून उडवायचा. घरात ठेवायचे नाहीत असा नियम, म्हणून लोकांनी बागेत, ओढ्याकाठी पुरले आणि युद्ध संपल्यावर जागा विसरले. आता ती माणसं गेली आणि पेट्या राहिल्या. पोलीस आले, मग सैन्य आलं, आणि आमची गल्ली दिवसभर बंद.

तेव्हा ओळख असणं हा शौक नाही हो नेहमी.

एल्बेकाठी · १२:५०

वैदेहीताईंना जोरदार अनुमोदन. बाल्टिक किनाऱ्यावर उसेडोम बेट आहे. त्याच्या टोकाला पेनेम्युंडे, जिथे जर्मन रॉकेटं बनत. ऑगस्ट १९४३मध्ये ब्रिटिशांनी तिथे बाँब टाकले, त्यातला बराच फॉस्फरस समुद्रात गेला. तो आजही लाटांबरोबर किनाऱ्यावर येतो. दिसतो कसा? पिवळसर, मेणचट, अगदी अंबरच्या खड्यासारखा. आणि त्या किनाऱ्यावर लोक जातातच अंबर वेचायला! ओला असेतो थंड. खिशात टाकला, अंगाच्या उबेने वाळला, की पेटतो. २०१७ साली इथे हॅम्बुर्गजवळ वेडेलला एल्बेच्या काठावर एका बाईने असाच "खडा" उचलून जाकिटात ठेवला होता. जाकीट पेटलं. म्हणून जाणती माणसं वेचलेलं खिशात टाकत नाहीत, डब्यात टाकतात.

चहाटळ · १२:५५

मी कोकणात शिंपले वेचायचो. आता तेही घाबरत घाबरत वेचीन.

निवृत्त_दारूगोळा · १३:१५

तिसरी_घंटा, कपाटात का, याचं एक उत्तर ठशांमध्ये आहे. २६ एप्रिल १९३७ला स्पेनमध्ये गेर्निका गाव जाळलं. यादवी युद्धात जर्मनांची मदत घेणाऱ्या फ्रँकोच्या बाजूने सांगितलं की माघार घेणाऱ्या तिथल्या बास्क लोकांनी स्वतःच आग लावली. जॉर्ज स्टीअर हा बातमीदार त्या रात्रीच तिथे पोचला आणि त्याला आगलाव्या बाँबची नळकांडी मिळाली. त्यावर जर्मन गरुड आणि १९३६चा ठसा. दोन दिवसांत लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. तीच ही जात, बी १ ई. कुणी ती नळकांडी घासूनपुसून लखलखीत केली असती तर? म्हणून मी नव्या पोरांना सांगतो, आधी आकार, मग शेपटी, मग धातू, मग ठसे. रंगाला सगळ्यात शेवटी विचारा, रंग कुणीही देतो.

मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम डोळ्यांना सारखंच, पण खऱ्या मॅग्नेशियमवर ऐंशी वर्षांत खड्डे पडतात आणि पांढरट भुकटी जमते. हल्ली लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या नकला सर्रास येतात. गुळगुळीत आणि ठसा एकदम ठसठशीत दिसला की मी पुढे जातो.

अवांतर: माझे वडील १४ एप्रिल १९४४ला डोंगरीत होते. फोर्ट स्टिकिन बोट गोदीत फुटली तो दिवस. पोटात दारूगोळा, कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. ते सांगायचे की आकाशातून जळता कापूस पडत होता. शत्रूचं एकही विमान आलं नाही आणि मुंबई पेटली. अजून आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह त्याच तारखेपासून सुरू होतो.

गंजकाराव गेले कुठे?

टोकियोरिटर्न · १३:२५

जेवत असतील. दारूगोळाकाकांनी अवांतर काढलंच आहे तर सगळ्यात विचित्र आगलावा म्हणून माझं मत जपानी फुग्याला. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात जपानने अमेरिकेकडे ९,३००च्या आसपास फुगे सोडले. १० मीटर व्यासाचे, हाताने बनवलेल्या कागदाचे, कागद चिकटवायला कोन्याकू कंदाची खळ. चिकटवायचं काम शाळकरी मुलींकडे. भुकेने त्यातल्या काही ती खळच चोरून खायच्या, असं त्यांनीच नंतर सांगितलंय. खाली वाळूच्या पिशव्या, एक स्फोटक बाँब आणि आगलावे. उंचावरच्या वेगवान वाऱ्यावर पॅसिफिक ओलांडायचे.

५ मे १९४५ला ओरेगनमध्ये ब्लायजवळ एका पाद्रीबाबांची गरोदर बायको आणि सहलीला आलेली पाच मुलं असा एक पडलेला फुगा बघायला गेली. सहाही जणं गेली. युद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या हातून मेलेली माणसं म्हणजे एवढीच. २०१४मध्ये कॅनडात लंबीजवळच्या जंगलात लाकूडतोड्यांना यातलाच एक बाँब मिळाला. सत्तर वर्षांनी.

एल्बेकाठी · १३:३५

विचित्रपणात ब्रिटिशही मागे नव्हते. १९४०मध्ये त्यांनी सेल्युलॉइडच्या पत्त्यांसारख्या चकत्या काढल्या, मध्ये फॉस्फरसची घडी. नाव रॅझल. ओल्या असताना विमानातून टाकायच्या, शेतात वाळल्या की पिकं आणि जंगलं पेटावीत असा बेत. पिकं काही फारशी पेटली नाहीत. पण गावकऱ्यांनी आठवण म्हणून उचलून खिशात घातल्या आणि विजारी पेटल्या, अशी गोष्ट इथे अजून सांगतात. खरीखुरी रॅझल कुणाच्या संग्रहात असेल तर त्याने हा धागा वाचून झाल्यावर घराबाहेर जाऊन बसावं.

गंजका_खजिना · १३:५०

माफ करा, जेवायला बसलो होतो. वरणभात. काका, तुमचे दोन्ही प्रश्न सोडवले.

भिंगाखाली बघितलं. तो ओरखडा नाहीये बहुतेक. स्वल्पविराम आहे. म्हणजे बी १, मग स्वल्पविराम, मग ३, मग ई, आणि पुढे झेड नक्की.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं. १ किलो २९० ग्रॅम. कुठे भोक, तडा काही नाही. अंगावरची बारीक भोकंसुद्धा आतून बंद दिसतात. मस्त जपलेला नमुना आहे!

निवृत्त_दारूगोळा · १३:५४

गंजकाराव, हे वाचताय ना? ती वस्तू आत्ता जिथे आहे तिथेच राहू द्या. हात लावू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९९९ला फोन करा. कारण नंतर सांगतो.

केंटची_वैदेही · १३:५६

काका म्हणतात ते आत्ता करा. गाडीत घालून पोलीस चौकीत न्यायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. लोक खरंच नेतात. बादलीत बुडवू पण नका.

एल्बेकाठी · १३:५७

गॅस बंद करता आला तर जाता जाता करा. त्यासाठी त्या वस्तूजवळून जावं लागणार असेल तर तोही नको. बाहेर.

चहाटळ · १३:५८

काय झालं? काहीतरी सांगा कुणीतरी.

निवृत्त_दारूगोळा · १४:१०

ते बाहेर पडले असतील असं धरून लिहितो.

जर्मनीत दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. म्हणजे ठसा आहे "बी १.३ ई झेड". आणि या जर्मन बाँबच्या नावातला आकडा म्हणजे वजन. बी १ ई एक किलोचा, बी १.३ ई एक किलो तीनशे ग्रॅमचा, बी २.२ ई सव्वादोनच्या आसपास. १.३ला पोलादी नाक दिलं ते मजबूत छपरं फोडून आत जावा म्हणून, जादा वजन त्याचंच. म्हणून गंजकारावांना ते फोटोंपेक्षा वेगळं दिसलं. ओळख तिथेच पटली होती, मी फक्त वजनाची वाट बघत होतो.

आतलं थर्माइट काढलेलं असतं तर काटा बराच खाली थांबला असता. काटा १,२९०वर थांबला. नावात लिहिलंय तेवढंच वजन. म्हणजे त्यातून काहीही काढलेलं नाही.

आणि झेड. साध्या आगलाव्या बाँबवर घरातली माणसं वाळू टाकायची, पंपाने पाणी मारायची. २९ डिसेंबर १९४०ला लंडनचा जुना भाग जळाला, त्यानंतर ब्रिटनमध्ये छपरांवर रात्रीचा पहारा सक्तीचा झाला आणि बायाबापड्यासुद्धा हे बाँब विझवायला शिकल्या. मग जर्मनांनी काहींत स्फोटक बसवलं. दिसायला तोच, पेटतो तसाच, विझवायला माणूस जवळ गेला की फुटतो. झेड असलेल्याकडे तसंच बघायचं. आगीसाठी नाही, आग विझवणाऱ्यासाठी बनवलेला तो भाग.

तिसरी_घंटा · १४:१८

दुपारी मी जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण आता फक्त ते बाहेर पडले का एवढं कळू दे.

टोकियोरिटर्न · १४:२५

आजोबा "मेलेले आहेत" म्हणाले होते ना? विकणाऱ्यावर कारवाई व्हायला हवी.

केंटची_वैदेही · १४:३३

त्यांनाही माहीत नसणार. वडिलांनी लहानपणी उचलून आणलेला, ऐंशी वर्षं गॅरेजात, रंगाच्या डब्यांशेजारी. त्या पिढीच्या पोरांमध्ये न फुटलेल्याला जास्त भाव होता. शाळेत एका शेपटीला दोन गोट्या, अख्ख्याला काय वाटेल ते.

निवृत्त_दारूगोळा · १४:४०

आपल्याकडे हेच पोटासाठी होतं. नगरजवळच्या के. के. रेंजवर लष्कराचा सराव झाला की आसपासची माणसं तांबं-पितळ वेचायला जातात. न फुटलेला गोळा भंगारात विकायला हातोडीने तोडतात. किलोला किती मिळतं तेवढंच बघतात, कारण घरी तेवढंच बघावं लागतं. त्यांना कुणी "संग्राहक" म्हणत नाही.

संपादक_मंडळ · १४:५०

सदस्यांना विनंती: धाग्यावर कोणत्याही वस्तूची खरेदी-विक्री, किंमत, किंवा अशी वस्तू आतून कशी रिकामी करतात याची चर्चा करू नये. एक प्रतिसाद उडवला आहे. तसंच परदेशातून अशा वस्तू सामानात घालून भारतात आणायचा बेत असलेल्यांनी तो सोडावा. रिकामी असली तरी विमानतळावर ते कुणी तुमच्या शब्दावर मानणार नाही.

एल्बेकाठी · १४:५८

विमानतळावरून आठवलं. २०२२मध्ये एका अमेरिकन कुटुंबाने गोलान टेकड्यांवर सापडलेला तोफगोळा इस्रायलच्या बेन गुरियन विमानतळावर बॅगेतून काढून "हा नेऊ का?" म्हणून विचारलं होतं. पुढची पळापळ सगळ्या जगाने पाहिली. विचारलं तरी, एवढं त्यांच्या बाजूने.

चहाटळ · १७:२०

तीन तास उलटून गेले. गंजकाभाऊ, निदान एक टिंब टाका.

गंजका_खजिना · १९:४५

टिंब.

आता सविस्तर. तुमचे प्रतिसाद वाचेपर्यंत मी वस्तू हातात घेऊन फोटो काढत होतो, मान्य करतो. काकांचं वाचून ती ओट्यावर ठेवली, काट्याशेजारी. बायको, मुलगी आणि मी बाहेर. पोलीस वीस मिनिटांत आले. एका तरुण मुलीने दारातूनच बघितलं, फोनवरचा माझा फोटो आणि ठसा मागितला, आणि दोन्हीकडची चार-चार घरं रिकामी केली. समोरच्या गुजराती काकूंनी आमच्या अख्ख्या गल्लीला चहा दिला. सैन्याची गाडी दीडेक तासाने आली. दोघंच जण. त्यातल्या मोठ्याने आत जाऊन येऊन मला तीन प्रश्न विचारले: कधीपासून आहे, पडला का, आणि घरी कसा आणला.

गाडीच्या डिकीत, भाजीच्या पिशवीशेजारी, असं सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त लिहून घेतलं. बायकोला ते "धुतला" प्रकरण मीच सांगितलं. रविवारी सिंकमध्ये जुन्या टूथब्रशने धुतला होता. ते मात्र तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

भरलेला होता. खात्रीने. वाळूच्या पेटीत घालून नेला. शेपटी आणि लोखंडी नाक तपासून परत दिलं. नाकाला तो "छान आहे, ठेवा" म्हणाला. त्या आजोबांचा पत्ता माझ्याकडे नव्हता, पण बूट सेलवाल्यांकडे त्यांची नोंद होती. गॅरेजात अजून काय आहे ते बघायला दुसरी गाडी तिकडे गेलीये.

काका, पाया पडतो.

निवृत्त_दारूगोळा · १९:५८

पाया पडू नका, ठशाचा मोठा फोटो टाका. वर्षाचा शेवटचा आकडा राहिलाय वाचायचा.

तिसरी_घंटा · २०:०५

सगळे सुखरूप, बरं वाटलं. तो लोखंडी तुकडा तेवढा मुलीच्या हाती लागू देऊ नका, पायावर पडेल.

चहाटळ · २०:१०

मग चाळीस पौंडांत हाती काय उरलं?

गंजका_खजिना · २०:३०

एक शेपटी, एक नाक आणि फळांचं खोकं. खोक्यात बायकोने आत्ताच कांदे भरले.

काका, फोटो टाकलाय. मला तो १ वाटतोय, मुलीला ७. तुम्ही सांगा.

निवृत्त_दारूगोळा · २०:४१

७ असता तर १९४७चा, म्हणजे युद्ध संपल्यावरचा झाला असता. तिला म्हणावं, पुन्हा बघ.